सर्वानुमते मंजूर

सभा म्हटली की व्यासपीठ, हारतुरे आणि आभारप्रदर्शन डोळ्यांपुढे येते. मला लिहावयाचे आहे ते मात्र कामकाजाच्या सभेविषयी. दहा-पंधरा माणसे एकत्र बसून पैशाचा किंवा कामाचा निर्णय घेतात, त्या सभेविषयी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून आईच्या बचत गटाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम अकरावीपासून माझ्याकडे आले.

सभेचेही शास्त्र असते, हे मला ग्रंथालयात कळले. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकन लष्करातील इंजिनिअर. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी त्याला अचानक एका सभेचे अध्यक्ष केले आणि सभा हाताबाहेर गेली. त्याने त्याचा ध्यास घेतला व १८७६ साली सभानियमांचे पुस्तक छापले. एका वेळी एकच विषय. आधी ठराव, मग चर्चा. बोलायचे ते विषयावर, माणसावर नव्हे. आणि ज्याने अद्याप तोंड उघडलेले नाही त्याला दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या आधी संधी. सूचक, अनुमोदक, उपसूचना, गणपूर्ती हे आपल्या सभांतले शब्दही याच पद्धतीच्या कामकाजातले. लष्करी माणसाला शेवटचा नियम सुचावा याचे मला नवल वाटले.

या सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो नुसता उपचार आहे असेच मी समजत होते. आमच्याकडे वही सह्यांसाठी फिरे, वाचत कोणीच नसे.

एकदा एका सभासद बाईंना दुसरे कर्ज द्यायचे ठरत होते. दाराशी बसणाऱ्या एक काकू हळूच म्हणाल्या, "पहिलं फिटलं नाय, तर दुसरं कसं?" कोणीतरी हसले, चहा आला, विषय पुढे गेला. मी सवयीने लिहिले, 'सर्वानुमते मंजूर.'

पुढच्या महिन्यात मी प्रथमच वही मोठ्याने वाचली. काकू म्हणाल्या, "अगं पोरी, मी तर नको म्हणले होते की!" माझे कान तापले. आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अध्यक्ष मावशींनी त्या शब्दांवर रेघ मारायला लावली, काकूंचा विरोध नावानिशी लिहून घेतला आणि शेजारी सही केली. कर्ज रद्द झाले नाही. पण पहिल्या कर्जाचे थकलेले हप्ते आधी भरावेत, अशी उपसूचना त्याच वेळी मंजूर झाली. उपसूचना हा शब्द माझा, सूचना काकूंची.

हल्ली मावशी मत विचारायला दारापासून सुरुवात करतात. वाचनाला पाचेक मिनिटे जातात. 'ऐनवेळचे विषय' मात्र अजून आटोक्यात आलेले नाहीत. मागच्या बैठकीत मंडपाच्या सतरंज्या कोणी नेल्या यावरच पाऊण तास गेला, आणि तोही मी इमानाने लिहून ठेवला आहे.