जपानांतील साकेचा धंदा व भातशेतकरी

साके हें जपानांतील तांदुळाचें मद्य पुष्कळांस नांवानें ठाऊक आहे. मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्यास लागणारा तांदूळ शेतकऱ्याचा, आणि तें तयार करणारे हातही बहुतकाळ शेतकऱ्याचेच होते. म्हणून त्याचा इतिहास भातकरी वाचकांनीं पाहण्याजोगा आहे.

कोबे व निशिनोमिया या शहरांच्या समुद्रकांठीं नादा नांवाचा पट्टा आहे. तेथील पांच वस्त्या या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहेत. साके तयार करण्याच्या जुन्या वास्तूस 'कुरा' म्हणजे कोठार म्हणतात. निशिनोमिया येथील विहिरींचें पाणी या कामास विशेष मानवतें, असें १८४० च्या सुमारास आढळून आलें. त्यांत लोह अत्यल्प असून स्फुरद व पालाश पुरेसे आहेत.

प्रथम तांदूळ सडून दाण्याचा वरचा थर काढतात. कारण त्यांतील नत्रयुक्त द्रव्य व स्निग्धांश यांनीं चव बिघडते. उंची साकेसाठीं दाणा निम्मा उरेपर्यंत सडतात. मग तो धुऊन, भिजवून वाफेवर शिजवितात. त्यांतील कांहीं भागावर कोजी नांवाची बुरशी पेरून उबदार खोलींत सुमारें दोन दिवस वाढवितात. ही बुरशी तांदुळांतील पिठाची साखर करते, आणि किण्व त्या साखरेचा मद्यार्क करतें. दोन्ही क्रिया एकाच पिंपांत एकाच वेळीं चालतात. म्हणूनच सर्व जिन्नस एकदम न टाकतां चार दिवसांत तीन वेळां घालतात, व दुसरा दिवस किण्वाच्या वाढीसाठीं मोकळा ठेवतात. पुढें तीन-चार आठवडे आंबल्यावर गाळतात.

हें काम थंडीचें, आणि थंडींत भातशेत रिकामें. तान्बा या डोंगराळ प्रदेशांतील शेतकरी कापणी उरकून नादास जात व वसंतांत परत येत. त्यांच्या मुख्यास 'तोजी' म्हणतात. सासायामा संस्थानच्या अधिकाऱ्यांस मात्र भय वाटे कीं, माणसें बाहेर गेलीं तर शेती खालावेल. म्हणून त्यांनीं यास बंदी घातली. इचिहारा सेइबेई या गृहस्थानें त्याविरुद्ध दाद मागितली, व १८०२ सालीं शंभर दिवसांची मोकळीक मिळाली. या रोजगारास 'शंभर दिवसांची कमाई' असेंच नांव पडलें.

महसुली दप्तरांत उमर गेलेल्या आम्हांस पुढील भाग विशेष बोधप्रद वाटतो. १८७३ पासून जपानांत सारा धान्याऐवजीं रोकडीनें घेण्याची पद्धत सुरू झाली. पूर्वीं भरण्याचा तांदूळ पारखून घेतला जाई. ती पारख सुटतांच मालाचा कस उतरला. तेव्हां, १९ व्या शतकाच्या अखेरीस, नादाच्या कुरांनीं हारिमा भागांतील गांवांशीं थेट करार केले, कीं अमक्या गांवचा तांदूळ अमक्या कुरानें घ्यावा. यास 'मुरामाइ' म्हणजे गांवचा तांदूळ म्हणतात, आणि ही रीत अद्याप चालू आहे.

तिचें मोल 'यामादा निशिकी' या वाणावरून कळतें. ह्योगो प्रांताच्या शेतकी प्रयोगक्षेत्रावर १९२३ सालीं त्याचा संकर केला व १९३६ सालीं त्यास हें नांव मिळालें. दाणा टपोरा व मध्यें पांढरा; परंतु ताट उंच असल्यानें पीक लोळतें. घेणारा व भाव आधीं ठरल्यावांचून असें नाजूक पीक लावण्यास शेतकरी सहसा धजत नाहीं.

या धंद्यावर आघातही झाले. महायुद्धाच्या काळांत तांदुळाच्या टंचाईमुळें साकेंत बाहेरचा मद्यार्क मिसळूं लागले. १९९५ च्या भूकंपांत नादाच्या अनेक लांकडी कुरा कोसळल्या. थंडींत गांवाहून येणारे तोजीही फार कमी झाले असून, पुष्कळ ठिकाणीं बारमाही नोकर तें काम करतात. २०२४ सालीं युनेस्कोनें या विद्येची गणना जगाच्या अमूर्त वारशांत केली. मान मिळाला हें योग्यच; पण तेथील शेतकऱ्याचा हिवाळी रोजगार त्यानें परत येत नाहीं. त्याच्या हातीं आज उरला आहे तो गांवचा करार. मालाची कसून पारख आणि पेरणीपूर्वीं ठरलेलें गिऱ्हाईक या त्यांतील दोन गोष्टींचा विचार आमच्या भातकरी बंधूंनीं आपल्या संस्थेच्या सभेंत अवश्य करावा.