उलटे घड्याळ आणि दोन लिप्यांचा दगड

बालमित्रांनो, वर्गातल्या जगाच्या नकाशासमोर उभे राहा. आफ्रिका खंडाच्या अगदी वरच्या बाजूला, भूमध्य समुद्राच्या काठी एक चिंचोळा देश दिसेल. तो ट्युनिशिया. त्याची राजधानी ट्यूनिस. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. तिथल्या एका लहान गावाची आणि जवळच्या एका जुन्या शहराची माहिती आज तुम्हांला देते. माझी एक चूकही त्यात सांगणार आहे.

ट्यूनिसपासून सुमारे ७५ किलोमीटरवर मेजेर्दा नदीच्या काठी तेस्तूर नावाचे गाव आहे. आजूबाजूला जैतुनाची झाडे. या जैतुनाच्या फळांचे तेल काढतात. बाजारात पाहावे तिकडे डाळिंबांचे ढीग! मला तर आपल्या सांगोल्याचीच आठवण झाली. घरांवर कौले आहेत. ती पाहून मी भावाला विचारले, "अरे, ही आपल्या कोकणासारखी कौले इथे कशी?"

तो म्हणाला, "ताई, ही स्पेनची आठवण आहे."

त्याचे असे झाले. स्पेनमध्ये मोरिस्को नावाचे लोक राहत. त्यांचे पूर्वज मुसलमान होते, पुढे त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. १६०९ साली स्पेनच्या राजाने त्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम काढला. घरदार सोडून हजारो माणसे समुद्र ओलांडून आली. त्यांतल्या काहींनी तेस्तूर वसवले. शेतजमीन काही बरोबर नेता येत नाही, पण हातातली कला नेता येते. म्हणून घरे त्यांनी आपल्या मूळ गावासारखीच बांधली.

गावातल्या मोठ्या मशिदीच्या मिनारावर एक घड्याळ आहे. ते उलटे चालते बरं का! आपल्या घड्याळात जिथे ३ असतो तिथे त्याच्यावर ९ आहे, आणि काटेही उलट दिशेने फिरतात. कोणी म्हणतात, अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून घड्याळही तसेच केले. कोणी म्हणतात, गेलेले दिवस परत यावेत असे त्या लोकांना वाटत होते. बरीच वर्षे बंद असलेले हे घड्याळ २०१४ साली दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. मी खाली उभी राहून वेळ वाचू लागले, तर दोनदा चुकले!

दुसऱ्या दिवशी आम्ही दुग्गा पाहायला गेलो. वाटेत ऐन तुंगा येथे रोमन काळचे दगड वापरून बांधलेला एक पडका किल्ला दिसतो. दुग्गा हे डोंगरउतारावरचे प्राचीन शहर आहे. आधी तिथे नुमिडियन लोकांचे गाव होते, नंतर रोमन लोकांचे राज्य आले. सुमारे साडेतीन हजार माणसे बसतील असे उघडे नाट्यगृह तिथे आहे. ते इसवी सन १६८-१६९ मध्ये बांधले. एका चौकाच्या फरशीवर बारा वाऱ्यांची नावे वर्तुळात कोरली आहेत. गाडीच्या चाकांनी दगडी रस्त्यावर पडलेल्या खाचासुद्धा दिसतात. १९९७ साली युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता माझी चूक. एका पडक्या घरापाशी मला हरभऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा चौकोनी खडा दिसला. असे रंगीत खडे बसवून रोमन लोक जमिनीवर चित्रे करीत. शाळेत मुलांना दाखवू, असे म्हणून मी तो हळूच पिशवीत टाकला. तिथला म्हातारा राखणदार माझ्याकडे पाहत होता. तो जवळ आला आणि काही न बोलता त्याने हात पुढे केला. मी खडा त्याच्या हातावर ठेवला. तो अरबीत काहीतरी बोलला. भावाने मला अर्थ सांगितला, "इथे रोज माणसं येतात. प्रत्येकाने एक एक नेला तर आम्ही काय दाखवायचं?"

मी मुलांना शिकवणारी बाई! मला फार शरम वाटली.

मग तो आम्हांला उतारावरच्या एका उंच समाधीपाशी घेऊन गेला. ही समाधी रोमन लोकांच्याही आधीची आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. उंची २१ मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी. तिच्यावर एक लेख होता. तोच मजकूर दोन लिप्यांत कोरलेला होता: एक प्युनिक आणि दुसरी लिबियन. १८४२ साली ट्यूनिसमधील ब्रिटिश वकील टॉमस रीड याने हा लेख मिळवण्यासाठी समाधी मोडली. लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. मागे दगडांचा ढीग राहिला. १९०८ ते १९१० या काळात ते दगड पुन्हा रचून समाधी उभी केली. लेख मात्र अजून लंडनलाच आहे.

त्या लेखाचा उपयोग खूप झाला, हेही खरे. प्युनिक लिपी विद्वानांना वाचता येत होती, लिबियन येत नव्हती. रेल्वे स्टेशनची पाटी आठवा. 'मनमाड' हे नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले असते. मराठी येत असेल तर नावावरून इंग्रजी अक्षरे ओळखता येतात, कारण नावाचा उच्चार दोन्हीकडे एकच. त्या लेखात अतेबान, त्याचा बाप येपमातथ आणि आजा पालू अशी नावे होती. ती जुळवून लिबियन अक्षरे उलगडत गेली. त्या लिपीच्या नात्यातली तिफिनाग लिपी मोरोक्कोतली मुले आज शाळेत शिकतात.

पण लेख वाचण्यासाठी समाधी मोडायची गरज नव्हती. कागदावर उतरवून घेता आला असता.

मुलांनो, आपल्या मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे. खाली लढाई, वर पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. लढताना पडलेल्या वीराची ती खूण. त्यावर तुम्ही चिंचा फोडता, कोणी खडूने नावे लिहितो. पालकांनाही विनंती, असा दगड पायरीला किंवा घराच्या पायात घालू नका. जागेवर असला तर तो गावाचा इतिहास सांगतो. हलवला की नुसता धोंडा.

करून पाहा:
१. वीरगळाचे चित्र वहीत काढा. दगड घासू नका, हलवू नका.
२. तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लिहा.
३. आजी-आजोबांना त्याची गोष्ट विचारा.
४. आपले नाव दोन लिप्यांत लिहून अक्षरे जुळवा.

चांगल्या वह्या पुढच्या अंकात इथेच लावू.