अखेरचं प्रूफ दुपारी नको

मुद्रितशोधन शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, की अखेरचं प्रूफ दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान हातात घेऊ नका. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम त्यानंतर.

पूर्वी मी ज्या छापखान्याचं काम करायचे, तिथे सकाळी दुरुस्त्या व्हायच्या, जेवणानंतर पानं टेबलावर यायची आणि संध्याकाळी फर्मा मशीनवर चढायचा. सगळं वेळापत्रक मशीनच्या सोयीचं. एका दिवाळी अंकात आतला मजकूर अगदी स्वच्छ निघाला आणि ठळक, पानभर शीर्षकात ‘जन्मशताब्दी’तला ‘त’ गळालेला. तिघांनी ते पान पाहिलं होतं, तिघांनीही दुपारीच. सोळा पानांचा तो फर्मा पुन्हा छापावा लागला. पेंगुळलेला डोळा अक्षरं वाचत नाही, ओळखीच्या शब्दाचा आकार तेवढा पाहतो. गाळलेलं अक्षर मेंदू परस्पर भरून टाकतो. टाइप जितका मोठा, तितका विश्वास जास्त.

या गुंगीला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. शरीराच्या घड्याळातच दुपारची उतरण असते. जेवण टाळलं तरी ती येते, भरपेट जेवलात तर जास्त जाणवते. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, ते फळमाशीवरच्या प्रयोगांतून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. वेळापत्रक बदलून मागताना मालकांना हे जरूर सांगा.

चहाने ही वेळ निभावून नेऊ, असं सगळ्यांनाच वाटतं. पण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाचेक तासांनंतरही अंगात उरलेलं असतं. संध्याकाळी साडेपाचचा कडक चहा रात्री साडेदहाला आपलं काम करतच असतो. झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, म्हणजे कामाची सगळ्यात चांगली वेळ, हातची जाते.

आपली चांगली वेळ कोणती, हे मात्र ज्याचं त्यानेच शोधायचं. पंधरा दिवस एक वही ठेवा. कोणतं पान किती वाजता वाचलं आणि दुसऱ्या वाचनात त्यात किती चुका निघाल्या, एवढंच लिहा. हिशेबाचं काम असेल तर न जुळलेल्या नोंदी लिहा. पहाटे उठणाराच शहाणा, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. पण काहींचं घड्याळ मुळातच उशिराचं असतं आणि त्यांचं डोकं रात्री नऊनंतर उत्तम चालतं. त्यांनी सकाळचा हट्ट धरू नये.

घरून काम करणाऱ्या बायकांची अडचण याहून मोठी आहे. डोकं ताजं असतं ती सकाळ डब्यांत, पाणी भरण्यात आणि शाळेच्या रिक्षेची वाट पाहण्यात जाते. टेबलाशी बसेपर्यंत बारा वाजतात आणि मग उतरणीच्या वेळेत अवघड काम उरकायचं! आमच्याकडे भाजी रात्रीच चिरून ठेवतात आणि सकाळचे डबे मी भरत नाही. हे आपोआप झालं नाही, स्पष्ट बोलून मागावं लागलं. संकोच करू नका. ही वाटणी झाल्याशिवाय कुठलंही नियोजन कागदावरच राहतं.

दुपारी बिलं पाठवावीत, लेखकांना फोन करावेत, गठ्ठे लावावेत. जमल्यास वीस मिनिटं डोळे मिटावेत. झोप बरीच लांबली की उठल्यावर डोकं जड होतं, म्हणून गजर लावूनच आडवं व्हा. प्रूफ दुपारीच वाचणं अगदी भागच असेल, तर एकट्याने वाचू नका. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पानावर बोट ठेवून ताडत जावं. शीर्षकं अक्षर-अक्षर सुटं करून वाचा.

छापखान्यांना आणि संपादकांना माझी विनंती आहे, की पानं संध्याकाळी पाठवा आणि सही दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला घ्या. फर्मा एक रात्र थांबला म्हणून अंक अडत नाही.