केकाच्या आधीचा नाताळ

प्रश्न : आम्ही इंदापूरला राहतो. यंदा सासूबाईंचं आजारपण आणि मुलीची कॉलेजची फी यांतच सगळं गेलं. मुलांना बारामतीच्या दुकानातलं झाड, केक, नवे कपडे हवेत. उसनवारी न करता नाताळ मनासारखा होईल का? आणि आमच्या पणजीच्या काळात हातात पैसा नसताना माणसं हा सण कसा करत असतील?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं बरंचसं उत्तर आहे. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ रुजला तो गाण्यातून आणि फराळातून. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, हार्मोनियम आणि रात्रीची उपासना. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, भजन, कीर्तन ही आपल्या मातीतली रूपं उपासनेत आणली. 'उपासना संगीता'त त्यांची पदं आजही आहेत. त्यांच्या घरात पैसा कसा टिकत नसे आणि माणसांचा राबता तरी कसा असे, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा. सासूबाईंना अंथरुणावरून उठवत नसेल, तर संध्याकाळी त्यांच्याच उशाशी बसून एकेक पद म्हणा. बहुतेक पदं त्यांना पाठच असतील. मुलांनी ती त्यांच्याकडून शिकावीत.

मुलांपासून पैशाची अडचण लपवू नका, असं मला फार वाटतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ती कळलेलीच असते. नाताळसाठी बाजूला काढलेले पैसे सगळ्यांसमोर मोजा आणि ते कशावर खर्च करायचे ते त्यांनाच ठरवू द्या. भेटीसाठी नावांच्या चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाने एकालाच काहीतरी द्यायचं. नवे कपडे घ्यायचे झाले तर अंगाला आखूड झालेल्याला आधी.

तारा घरीच होतो. बांबूच्या पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, टोकं एकमेकांना जोडायची आणि आतल्या पाच सांध्यांत आखूड काड्या अडकवून पोट फुगवायचं. वर पतंगाचा कागद, चिकटवायला मैद्याची खळ. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा माळ्यावर असेल तर कागद तेवढा बदला. आत 9 वॉटचा एलईडी दिवा रोज 6 तास लावलात, तरी 10 दिवसांत वीज अर्ध्या युनिटच्या आसपासच जाते.

झाडाऐवजी गव्हाणी करा. येशूजन्माचा देखावा म्हटला की इटलीतल्या ग्रेच्चो गावाची आठवण निघते. 1223 मध्ये तिथे संत फ्रान्सिस यांनी चारा घातलेली गव्हाण, खरा बैल आणि गाढव यांच्यासह तो उभा केला. देवाचा जन्म किती गरिबीत झाला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यासाठी लागणारं सगळं तुमच्या तालुक्यात आहे : पाचट, कडबा, ओढ्याकाठची माती. 15 डिसेंबरच्या सुमाराला पसरट ताटात माती घालून गहू पेरा. नवरात्रात घटाखाली उगवतात तसे हिरवे कोंब नाताळपर्यंत वर येतील.

केक हवाच असेल तर रव्याचा करा. दोन वाट्या रवा, वाटीभर दही, वाटीभर साखर, अर्धी वाटी तेल आणि भिजेल इतकं दूध एकत्र करून अर्धा तास ठेवायचं. मग बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. कुकरच्या तळाशी मीठ, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, मंद आच. पाऊण तासाने सुरी घालून पाहा. सुकामेव्याच्या जागी शेंगदाण्याचे तुकडे छान लागतात.

जेवणाचा भार एका घरावर घेऊ नका. मंडळीत प्रीतिभोजन होत असेल तर आपला एक पदार्थ घेऊन जा. नसेल तर चार घरांनी मिळून करा.

पाहुण्यांविषयी मात्र माझा आग्रह आहे. डिसेंबरात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या सगळ्या कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं कोप्या बांधून राहिलेली असतात. शेजारी बैल, झोळीत तान्हं मूल. लूकच्या शुभवर्तमानातलं, घरापासून दूर आणि उतरायला जागा न मिळालेलं कुटुंब तुमच्या मुलांना यापेक्षा जवळून कुठे दिसणार? अशा एका कुटुंबाला जेवायला बोलवा. भाकरी, वांग्याची भाजी आणि गुळाची खीर एवढं पुरे. मुलांच्या हातात दोन-दोन करंज्या द्या. फक्त बोलावणं दोन दिवस आधी करा आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या. ते पहाटेच फडात जातात आणि गाडी कारखान्यावर रिकामी व्हायला कधी कधी रात्र होते.