मुक्या दगडाची वाणी

भाईंदरची खाडी ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे पुढे नालासोपारा लागते. १८८२ साली तेथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना ब्राह्मी अक्षरांचा एक भग्न पाषाण सापडला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो तुकडा होता. मौजेच्या यात्रा सोडून राजाने धर्मयात्रा आरंभिल्या, असे तो लेख सांगतो. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

परंतु हा लेख सोपाऱ्यासच का कोरविला? याचे उत्तर दगड देत नाही. ते अभ्यासकाने शोधावे लागते.

डॉ. मोतीचंद्र हे असेच व्यासंगी अभ्यासक होते. त्यांचा जन्म १९०९ साली काशीस झाला. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर ते याच संग्रहालयात आले. त्या काळी त्याचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. १९५० पासून त्यांनी दीर्घकाळ तेथील संचालकपद भूषविले. कारभाराचा व्याप सांभाळूनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. प्राचीन वेशभूषा, लघुचित्रे अशा विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. ‘सार्थवाह’ या हिंदी ग्रंथात त्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारी मार्गांचा मागोवा घेतला. सार्थवाह म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याचा नायक.

हे मार्ग ध्यानी घेतले की सोपाऱ्याचे कोडे उलगडू लागते. सोपारा हे प्राचीन बंदर होते. जेथे देशोदेशीचे लोक जमत, तेथे राजाचा संदेश दूरवर पोहोचणार!

वस्तू जतन करणे हे संग्रहालयाचे अर्धे कार्य होय. तिला वाणी देणे हे उरलेले अर्धे. मोतीचंद्रांनी दोन्ही केली.