काळी आकृती : भूतविद्या, निद्रा आणि धत्तूर

मालवण किनाऱ्यावर चिकित्सा करणाऱ्या वैद्यास एक तक्रार वर्षातून चार-दोन वेळा तरी ऐकावी लागते. रुग्ण ती आपणहून सांगत नाही. नाडी पाहून झाली, औषधाची पुडी हाती पडली, की सोबतचा नातेवाईक दाराशी थबकतो आणि आवाज खाली आणून सांगतो की रात्री यांना कोणीतरी दिसते. चेहरा नाही, कपडे नाहीत, केवळ माणसाएवढी काळी सावली. भुताला सावली नसते असे आपल्याकडे मानतात. येथे मात्र सावलीच भूत होऊन उभी राहते. अशा रुग्णाकडे वैद्याने कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या विषयात आमच्या हातून घडलेली एक चूकही आम्ही येथे नमूद करणार आहोत.

लोकसमजुतीची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातील माणसाला अदृश्याचे वावडे नाही. देवचार, वेताळ, मुंजा, समंध, खवीस, हडळ, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकविणारा चकवा अशी नावे येथे पोराटोरांच्या तोंडी असतात. यातील सर्वच शक्ती दुष्ट मानलेल्या नाहीत. देवचार हा अनेक गावांत सीमेचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो व त्याच्या वहाणा झिजतात, ही त्यामागील श्रद्धा. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेल्या टिपणांवरून आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ साली कोकणच्या लोकविद्येचा खंड सिद्ध केला. त्यातील बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरविलेली आहे. भुतांचे प्रकार, त्यांची वसतिस्थाने व उपाय यांची त्यातील वर्णने वाचली तर आज आमच्या दवाखान्यात ऐकू येणारी भाषा तेव्हाही तीच होती, हे ध्यानी येते.

इतर देशांतही असेच आढळते. तुर्की भाषेत झोपेत छातीवर बसणाऱ्यास ‘कराबासान’ म्हणतात. शब्दार्थ पाहता, काळा दाबणारा. जपानात या अवस्थेस ‘कानाशिबारी’ म्हणतात. कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या मच्छीमार वस्त्यांत रात्री छातीवर म्हातारी बसते असे मानीत, आणि डेव्हिड हफर्ड या लोकविद्या-अभ्यासकाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात त्या अनुभवांची चिकित्सा केली. अमेरिकेत २००१ च्या सुमारास रात्रीच्या एका रेडिओ कार्यक्रमातून ‘छायापुरुषां’च्या हकिगती प्रसिद्ध झाल्या. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा लोकांनी एकच आकृती वर्णन करावी, यावरून तिचे मूळ एखाद्या गावच्या पिंपळावर नसून मनुष्यमात्राच्या शरीर-मनात असावे, असे अनुमान निघते.

संहितांची भूमिका

भूतविद्या हे अष्टांग आयुर्वेदातील एक अंग होय. ‘आपल्या शास्त्रातच भुते सांगितली आहेत’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ काढणारे आपल्यातही आहेत. परंतु मूळ ग्रंथ सावधपणे बोलतात. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या साठाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की देवादी ग्रह मनुष्यांसोबत राहत नाहीत व मनुष्यात प्रवेशही करीत नाहीत. ते प्रवेश करतात असे म्हणणाऱ्यांना भूतविद्येचे ज्ञान नाही. बाधा करतात ते त्यांचे अनुचर, असे त्याचे मत. हा प्रवेश दिसत का नाही, हे सांगताना तो आरशात शिरणाऱ्या छायेचा दृष्टान्त देतो. चरक निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात आणखी पुढे जातो. जो स्वतःच्या कर्माने क्लेश पावलेला नाही त्यास देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस पीडा देत नाहीत. प्रज्ञापराधातून उपजलेल्या व्याधीसाठी शहाण्याने देवांना, पितरांना वा राक्षसांना दोष देऊ नये, असे तो बजावतो.

अर्ध्या झोपेतील दर्शनाविषयीही चरकाने सांगून ठेवले आहे. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायानुसार जो गाढ झोपलेला नाही असा पुरुष इंद्रियांचा स्वामी जे मन त्याच्या योगे नाना प्रकारची स्वप्ने पाहतो, आणि मनोवह स्रोतसे बलवान दोषांनी भरली असता दारुण स्वप्ने दिसतात. दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज हे स्वप्नाचे सात प्रकारही तेथेच आले आहेत. काळी आकृती पाहणाऱ्याने लहानपणी आजीकडून जे ‘श्रुत’ केलेले असते, तेच बहुधा त्या आकृतीला नाव देते. आकृती सर्वांना सारखी दिसते; नाव मात्र ज्याचे त्याच्या गावचे असते.

निद्रा आणि छाया

आमच्याकडे आलेला एक तरुण मच्छीमार सांगत होता, “आंगार बसता, हात हलणा नाय, बोंब मारूक जाय तर तोंडातसून आवाज येणा नाय.” रात्रभर समुद्रात, पहाटे मासळीचा लिलाव, मग दिवसा मिळेल तेव्हा उताणे पडून झोप, असा त्याचा क्रम. हा झोपेतील स्तंभ होय. स्वप्नांच्या निद्रावस्थेत शरीराचे ऐच्छिक स्नायू निसर्गतःच शिथिल केलेले असतात, जेणेकरून स्वप्नातील धावपळ अंथरुणात घडू नये. क्वचित मन जागे होते व स्नायूंवरील हा बांध तेवढ्या वेळेपुरता सुटत नाही. डोळे उघडे, खोली ओळखीची, हातपाय जखडलेले आणि स्वप्नाचा अवशेष समोर उभा, अशी ती अवस्था असते. ती काही सेकंद ते काही मिनिटे टिकते व आपोआप मोडते. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचे प्रमाण विविध पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासात सुमारे ८ टक्के, तर विद्यार्थ्यांत सुमारे २८ टक्के आढळले आहे. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा, मानसिक ताण व उताणे झोपणे ही त्याची परिचित कारणे.

कोणीतरी जवळ असल्याची भावना मेंदूत कशी उपजते, याचा एक धागा २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या हाती लागला. अपस्माराच्या तपासणीसाठी एका तरुणीच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, शंखप्रदेश व पार्श्वप्रदेश यांच्या संधीवर, सौम्य विद्युत्-उद्दीपन देताच तिला आपल्या पाठीमागे एक सावलीसारखी व्यक्ती जाणवली. ती बसली की सावलीही बसे. आपल्याच शरीराची जाणीव विस्कटली की ती दुसऱ्या कोणाची वाटू लागते, असा त्याचा बोध.

चिकित्सा साधी आहे. निद्रा हा त्रय उपस्तंभांपैकी एक. त्या मच्छीमारास आम्ही कुशीवर झोपावयास सांगितले, पादाभ्यंग व रात्री म्हशीचे दूध दिले. रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी काही न खाता झोपावे, हा वाग्भटाचा नियम त्याच्या व्यवसायाला तंतोतंत लागू पडतो. सर्वांत गुणकारी ठरले ते मात्र कारण समजावून देणे. भीती गेली, आणि दोन महिन्यांत प्रकार विरळ झाला. अशा रुग्णास दिवसा अनावर झोपेचे झटके येत असतील अथवा हसताना गुडघे एकाएकी लुळे पडत असतील, तर मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

आमची चूक

आता दुसरी हकीगत. बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ जुन्या श्वासविकारासाठी आमच्याकडे येत. थंडीत वेग वाढला म्हणून आम्ही कनकासव लिहून दिले. आठ दिवसांनी मुलगा सांगत आला की बाबा रात्री झोपत नाहीत, भिंतीकडे बोट दाखवितात. आजोबांनी स्वतः सांगितले, “खाटीच्या पायथ्याक काळो माणूस उभो रवता. बोलणा नाय, हलणा नाय. नुसतो बघता.” घरात चार महिन्यांपूर्वी मृत्यू झालेला होता. आम्ही शोक, वातवृद्धी, निद्रानाश असा हिशेब मांडला, ब्राह्मी घृत दिले आणि श्वासाचे औषध तसेच चालू ठेवले. घरच्यांनी देवळात कौल लावला, गाऱ्हाणे घातले.

तिसऱ्या दिवशी त्यांना उचलूनच आणले. चेहरा लाल, त्वचा कोरडी व तप्त, जीभ टाळूला चिकटलेली, लघवी तुंबलेली, आणि हात हवेत काहीतरी वेचत होते. विजेरीच्या प्रकाशातही विस्फारलेल्या बाहुल्या आकसेनात, तेव्हा आमचे डोळे उघडले. चौकशी करता उलगडा झाला. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आजोबा धोत्र्याची वाळली पाने विडीत घालून ओढत होते, आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ म्हणून कनकासवाच्या बाटलीतूनही मापाशिवाय घेत होते. म्हणजे धत्तूर दोन मार्गांनी पोटात जात होता. त्यातील एक मार्ग आम्ही उघडला होता, आणि दुसऱ्याविषयी आम्ही विचारलेच नव्हते. त्यांना तत्काळ रुग्णालयात हलविले. दोन दिवसांत काळा माणूस निघून गेला. आणखी एक रात्र आम्ही त्यास बाधा वा शोक समजून घालविली असती तर आजोबाच गेले असते.

धत्तुरातील हायोसायमीन, स्कोपोलामीन व ॲट्रोपीन ही द्रव्ये मेंदूतील ॲसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. त्यातून होणारा भ्रम हा स्वप्नासारखा नसतो; रुग्णास आकृती खरीच वाटते व तो तिच्याशी बोलतो. सर्दी-खाज-झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या डायफेनहायड्रामीनसारख्या गोळ्या अतिमात्रेत हेच करतात. औषध व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई (१) मध्ये धत्तूर समाविष्ट आहे, आणि अशी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या लेबलावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापणे आवश्यक आहे. औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की ही सूचना केवळ छापील राहू देऊ नये. कनकासवाची बाटली देताना मात्रेचे माप सोबत द्यावे, धोत्र्याची पाने वा विडी चालू आहे काय, डोळ्यांत काचबिंदूचा विकार वा लघवी अडण्याचा त्रास आहे काय, एवढे तरी विचारावे.

परीक्षणाचा क्रम

या अनुभवानंतर काळी आकृती दिसते म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णास आम्ही पुढील क्रमाने तपासतो.

१. औषध व विष : धत्तूर, भांग, झोपेच्या व सर्दीच्या गोळ्या, घरगुती धूम्रपान. बाहुल्या, जीभ, त्वचा, मूत्र अवश्य पाहावे.

२. मद्य : नियमित पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास दोन-चार दिवसांत कंप, घाम व भयंकर दर्शने होतात. ही आत्ययिक अवस्था असून रुग्णालयाचे काम आहे.

३. ज्वर व वार्धक्य : वृद्धात मूत्रमार्गाचा संसर्ग वा फुप्फुसाचा दाह केवळ भ्रमाच्या रूपाने प्रकटतो. सायंकाळी वाढणारा भ्रम याच सदरात मोडतो. वारंवार माणसे दिसणे, हालचाल मंदावणे व स्मृती ढळणे एकत्र असल्यास विशेष स्मृतिभ्रंशाचा संशय घ्यावा.

४. दृष्टी : तिमिरात दोष दुसऱ्या पटलात गेला असता माशा, केस, जाळी व अंधार दिसतो, असे सुश्रुताचे वर्णन आहे. १७६० मध्ये जिनेव्हाच्या शार्ल बॉने यांनी मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या आपल्या आजोबांना दिसणाऱ्या आकृती नोंदविल्या. बुद्धी शाबूत असून दृष्टी गेलेल्यास असे दिसते. ते वेड नव्हे.

५. निद्रा : आकृती केवळ झोपेच्या उंबरठ्यावर दिसते काय? शरीर जखडते काय?

६. अपस्मार, शोक व उन्माद : वरील सर्व वगळल्यावरच येथे यावे. गेलेल्या माणसाचा भास शोकात पुष्कळांना होतो व तो निवतो. आकृती आज्ञा देत असेल, रुग्ण स्वतःस वा इतरांस इजा करण्याचे बोलत असेल, तर मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यास एक दिवसही दवडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

सत्त्वावजय

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा चरकाने सांगितली. रुग्णाचे कुटुंब देवळात नारळ ठेवीत असेल तर आम्ही त्यास हरकत घेत नाही. त्याने त्यांचे मन स्थिर होते. परंतु औषध थांबविणे, उपाशी ठेवणे, मिरच्यांची धुरी देणे, मारणे, बांधणे यांस तेथल्या तेथे विरोध केला पाहिजे. भूत उतरविण्याच्या नावाने असे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास सांगितला आहे. वैद्याने स्वतः ताईत देऊन त्या बाजारात उतरणे तर आपल्या शास्त्राशी द्रोह होय.

रुग्णास हसू नये आणि त्याच्या भुतास होकारही देऊ नये. “तुम्हाला दिसले ते खोटे सांगत नाही आहात, ते का दिसले ते आपण शोधू,” एवढे म्हटले की तो मोकळा होतो व सगळे सांगतो. आमचे ते आजोबा आज श्वासाचे दुसरे औषध घेतात. मध्यंतरी आले असता त्यांनी आपणहून पिशवी टेबलावर उपडी केली आणि घरातील सर्व बाटल्या, पुड्या व विड्यांचे बंडल आमच्यासमोर मांडले. ही तपासणी पहिल्याच दिवशी आमच्याकडून व्हावयास हवी होती. वाचकांनी ती पहिल्या दिवशीच करावी.