माहिती फुटली, तरी कंपनी सुटते कशी?

प्रश्न : गेल्या वर्षी एका कंपनीचा मला मेल आला. ‘आमच्या यंत्रणेत अनधिकृत शिरकाव झाला असून आपलं नाव, मोबाइल क्रमांक व पत्ता बाहेर गेला असण्याची शक्यता आहे,’ असं त्यात लिहिलं होतं. शेवटी दिलगिरी. तेव्हापासून रोज नवनव्या नंबरांवरून कर्जाचे आणि ‘केवायसी अपडेट’चे फोन येतात. कंपनीने स्वतःच लेखी कबूल केलंय, मग कोर्टात तिच्याकडे बोलायला उरतं काय? तरीही अशा प्रकरणांत कंपन्या सुटतात असं वाचतो. त्यांचे वकील नेमकं सांगतात तरी काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : माहिती फुटल्याची कबुली दिली की चूकही कबूल झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. कायदा तसं धरत नाही. म्हणून कंपनीचा वकील ‘काही फुटलंच नाही’ असं सांगायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो न्यायाधीशांपुढे दोनच प्रश्न ठेवतो. या माणसाचं नेमकं काय नुकसान झालं? आणि ते आमच्या हलगर्जीपणामुळे झालं का? बहुतेक लढाई पहिल्याच प्रश्नावर होते, आणि पुष्कळदा तिथेच संपते.

हा पहिला प्रश्न सगळ्यांत धारदार झाला तो अमेरिकेत. तिथे असे दावे सामूहिक असतात. लाखो ग्राहकांच्या वतीने एकच दावा, त्यामुळे माणशी थोडी रक्कम धरली तरी बेरीज कंपनीला घाम फोडते. साहजिकच कंपनीचा पहिला अर्ज असतो तो दावा सुरू व्हायच्या आधीच निकालात काढा, असा. या अर्जांना बळ मिळालं २०२१ च्या एका निकालाने. ट्रान्सयुनियन ही पतमापन कंपनी. आपल्याकडे ‘सिबिल’ म्हणून जो आकडा बँका बघतात तोही आज हिच्याच घरचा. २०११ साली कॅलिफोर्नियात एक गृहस्थ पत्नी आणि सासऱ्यांसह मोटार घ्यायला शोरूममध्ये गेले. विक्रेत्याने त्यांचा पत-अहवाल मागवला आणि गाडी द्यायला नकार दिला. अहवालात लिहिलं होतं की यांचं नाव अतिरेकी आणि अमली पदार्थांचे तस्कर यांच्या सरकारी यादीशी जुळण्याची शक्यता आहे. कंपनीने जुळवणी केली होती ती फक्त नाव आणि आडनाव पाहून. जन्मतारीखसुद्धा तपासलेली नव्हती. शेवटी गाडी पत्नीच्या नावावर घ्यावी लागली.

अशी शेरेबाजी ज्यांच्या अहवालावर होती अशा ८,१८५ लोकांचा दावा उभा राहिला. ज्युरीने सहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई देववली. सर्वोच्च न्यायालयात मात्र कंपनीने एकच मुद्दा लावून धरला : यांतल्या बहुतेकांचा अहवाल त्या काळात कुणाला पाठवलेलाच नाही. पाच विरुद्ध चार मतांनी तो टिकला. १,८५३ जणांचे अहवाल बाहेर गेले होते, त्यांचा दावा राहिला. उरलेल्या ६,३३२ जणांना त्या मुद्द्यावर दादच मागता येणार नाही असं ठरलं. बदनामीचं पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुणी वाचलंच नाही, तर बदनामी झाली कुठे, असा बहुमताचा तर्क होता. ही काही डेटाचोरीची केस नव्हती. तरी तेव्हापासून डेटाचोरीच्या दाव्यांत बचावाचे वकील हाच निकाल पुढे करतात : माहिती चोरांच्या हाती असेल, पण अजून तिचं काही केलेलं नाही ना? मग नुकसान कुठे?

याला चांगलं उत्तर २०१५ मध्येच शिकागोच्या अपील न्यायालयाने देऊन ठेवलं होतं. नीमन मार्कस या दुकानसाखळीतून सुमारे साडेतीन लाख कार्डांची माहिती चोरांच्या टप्प्यात आली होती. त्यांपैकी ९,२०० कार्डांवर गैरव्यवहार झाल्याचं आढळलं. बाकीच्यांचं नुकसान काल्पनिक आहे, असं कंपनी म्हणाली. न्यायालयाने विचारलं की चोर दुकानाच्या संगणकात शिरून लोकांची माहिती पळवतात ती आणखी कशासाठी? कंपनीने ग्राहकांना वर्षभर मोफत पत-निगराणी देऊ केली होती, तीही तिच्या अंगाशी आली. धोका नगण्य असता तर ही सेवा देऊ केली असती का, असं न्यायालयाने नोंदवलं. तेव्हापासून ग्राहकांना जाणारी अशी पत्रं वकिलांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. तुमच्या मेलमधले ‘असण्याची शक्यता आहे’ हे शब्द तसेच तोलूनमापून घातलेले दिसतात.

आता दुसरा प्रश्न, हलगर्जीपणाचा. इथे कंपनी म्हणते की आम्हीसुद्धा गुन्ह्याचे बळी आहोत. हे ऐकून राग येतो, पण दर वेळी ते खोटं नसतं. इंग्लंडमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीचं प्रकरण बघा. २०१३ साली अंतर्गत लेखापरीक्षण विभागातल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याला किरकोळ कारणावरून शिस्तभंगाची ताकीद मिळाली. त्याने ती मनात धरली. काही महिन्यांनी बाहेरच्या लेखापरीक्षकांना द्यायला म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची फाइल त्याच्याकडे आली. त्याने ती दिली, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवली. जवळपास एक लाख सहकाऱ्यांची नावं, पत्ते, जन्मतारखा, बँक खाती आणि पगार त्याने इंटरनेटवर टाकले, तेही दुसऱ्याच एका सहकाऱ्यावर संशय जाईल अशा बेताने. मग त्या माहितीच्या सीडी करून वर्तमानपत्रांना पाठवल्या. वर्तमानपत्रांनी छापलं नाही, उलट त्यांतल्या एकाने कंपनीला कळवलं. त्या माणसाला आठ वर्षांची शिक्षा झाली.

नऊ हजारांवर कर्मचाऱ्यांनी कंपनीवर दावा लावला. नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कृत्याला मालक जबाबदार, हे जुनं तत्त्व त्यांनी पुढे केलं. उच्च न्यायालयात ते जिंकले, अपिलातही जिंकले. १ एप्रिल २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवले. फाइल त्याच्या हाती कामासाठी आली हे खरं, पण ती जगजाहीर करणं हे काम नव्हतं. तो वैयक्तिक सूड होता आणि त्याचं लक्ष्य कंपनीच होती. माझ्या मते हा निकाल बरोबर आहे. पण त्याबरोबर हेही पाहायला हवं की ज्यांच्या पगाराचे आकडे आणि खाते क्रमांक चव्हाट्यावर आले, त्यांच्या हाती या दाव्यातून काही लागलं नाही.

हलगर्जीपणा सिद्ध करायचा तर आतली कागदपत्रं लागतात, आणि ती कंपनीच्या कपाटात असतात. शिरकाव कळला की हुशार कंपनी आधी वकिलाला फोन करते आणि तांत्रिक तपास वकिलामार्फत करून घेते. म्हणजे तपासाचा अहवाल ‘वकील-अशील गोपनीयते’खाली येतो आणि समोरच्या पक्षाला मागता येत नाही. कॅपिटल वन या बँकेने २०१९ मध्ये हेच केलं. अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी लोकांची माहिती फुटली होती. मँडियंट या तपास कंपनीचा अहवाल वकिलांच्या नावे लिहून घेतला गेला. पण २०२० मध्ये व्हर्जिनियातल्या न्यायालयाने तो उघड करायला लावला, कारण मँडियंट आधीपासूनच बँकेच्या कामावर होती, पैसे बँकेच्या नेहमीच्या खर्चातून निघाले होते आणि अहवाल पन्नासएक कर्मचाऱ्यांना आणि चार नियामकांना वाटला होता. तो खटल्यासाठी तयार केला होता हे कोण मानणार? बँकेने पुढे १९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. स्वतःच्या चुकीचं निदान असं लपवता यावं, हे मला या साऱ्या बचावशास्त्रातलं सगळ्यांत खटकणारं अंग वाटतं. दार कुठे उघडं राहिलं ते ज्यांच्या घरात चोरी झाली त्यांना कळायलाच हवं.

युरोपने इथे वेगळी वाट धरली. बल्गेरियाच्या करखात्यातून लाखो नागरिकांची माहिती फुटली, त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की शिरकाव झाला एवढ्यावरून बंदोबस्त कमी होता असं ठरत नाही. पण तो पुरेसा होता हे दाखवण्याचा भार माहिती बाळगणाऱ्यावर आहे. आणि माहितीचा गैरवापर होईल ही भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते, ती सकारण असेल तर. अमेरिकेच्या खणातल्या पत्रापेक्षा हा विचार मला माणसाच्या अनुभवाच्या जवळचा वाटतो. रोज येणाऱ्या ‘केवायसी’च्या फोनला घाबरून आईच्या हातातून मोबाइल काढून घेणाऱ्या घरांत पैसे गेलेले नसतात, पण काहीतरी नक्की गेलेलं असतं.

आता सांगलीकडे येऊ. आपल्याकडे आज भरपाईचा रस्ता आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मधून, इंग्रजीत ज्याला ‘४३ए’ म्हणतात. ते २००९ पासून लागू आहे. त्यात तीन कड्या आहेत आणि कंपनीचा वकील प्रत्येक कडी ओढून बघतो. माहिती ‘संवेदनशील’ हवी, कंपनीने वाजवी सुरक्षा राखण्यात हयगय केलेली हवी, आणि त्यातून गैर नुकसान किंवा गैर लाभ झालेला हवा. तुमची गाडी दुर्दैवाने पहिल्याच कडीशी अडते. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहिती म्हणजे पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, वैद्यकीय नोंदी, लैंगिकता आणि बायोमेट्रिक. नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्या यादीत नाहीत. ‘आम्ही आयएसओ २७००१ प्रमाणित आहोत’ हे उत्तर दुसऱ्या कडीसाठी ठेवलेलं असतं, आणि नियमांतच त्या मानकाचं नाव असल्यामुळे त्याला वजन असतं.

तरी हे कलम अगदीच निरुपयोगी नाही. याच कायद्याखाली भरपाईच्या तक्रारी प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात, पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी पुण्याच्या एका उद्योगाच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले. खात्यातून गेले होते ८० लाखांहून थोडे अधिक. उद्योजकाने फसव्या मेलला उत्तर दिलं होतं, म्हणून नुकसानीतला वाटा त्याच्याही पदरी आला. पण पैसे ज्या बोगस खात्यांत वळवले, ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती, हा ठपका बँकेवर बसला. ग्राहकाचीही चूक होती हा बचाव रक्कम कमी करतो, जबाबदारी पुसत नाही, हे या आदेशातून नीट दिसतं.

पण हे कलम जाणार आहे, आणि याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं गेलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. त्याच वेळी ४३-अ रद्द होईल. नव्या कायद्यात तुमचा मोबाइल क्रमांकही संरक्षित आहे, ही जमेची बाजू. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड, शिरकाव या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि तुम्हाला कळवला नाही तर २०० कोटींपर्यंत. मात्र हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. कंपनीचा बचावही मग बदलेल : नुकसान झालं की नाही यापेक्षा आम्ही किती लवकर कळवलं, हानी कमी करायला काय केलं, चूक पहिलीच होती, हे मंडळाला सांगितलं जाईल, कारण दंड ठरवताना मंडळाने हेच पाहायचं आहे. शिवाय हमीपत्र देऊन कारवाई थांबवण्याचीही सोय आहे. सरकारला दंड आणि बाधिताला काही नाही, ही रचना मला अन्यायाची वाटते आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

तोवर तुम्ही काय करू शकता? कंपनीच्या कुणी जाणूनबुजून यादी विकली असल्याचा पुरावा मिळाला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२-अ लागतं; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तिथे माहिती ‘संवेदनशील’ असायची अट नाही. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही खुलं आहे. तिथे ‘आम्ही उघड केली नाही, चोरली गेली’ हे उत्तर येईल, तयारीत राहा. एखाद्या फोनवरून पैसेच गेले तर आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार आणि लगेच बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर बोजा नाही, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे.

आणि कंपनीचा तो मेल पुसू नका. फोन येऊ लागले त्या तारखा, नंबर आणि समोरच्याने तुमच्याबद्दलचा कोणता तपशील आधीच सांगितला, हे एका वहीत लिहीत जा. फक्त त्या कंपनीकडेच असलेला एखादा तपशील, चुकीच्या स्पेलिंगने दिलेलं नाव किंवा जुना पत्ता, फोन करणाऱ्याच्या तोंडून आला, तर ‘ही माहिती आमच्याकडूनच गेली कशावरून?’ हा बचाव तिथेच ढिला पडतो. मंत्रालयात सचिवांकडे अर्ज करायचा असेल तर ४३-अ असेपर्यंतच, म्हणून वकिलाला भेटणं पुढच्या दिवाळीवर टाकू नका.